मलावीतला तो एक दिवस, सालू

सालू, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. चर्चमधल्या शोकसभेत तुझ्या मुलाने, सुनीलने, माझ्या हातात माईक दिला. मी उभी राहिले, "सालोमीबाई माझ्या शेजारी राहायच्या" एवढंच बोलले आणि खाली बसले. सव्वीस वर्षांचा शेजार आणि एक वाक्य. लोकांना वाटलं, मला रडू आवरलं नाही. तसं नव्हतं. जे सांगायचं होतं ते तिथे सांगावं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं.

बाकीचे सगळे छान बोलले. तू परदेशात जाऊन किती जणांची सेवा केलीस ते पाळकसाहेबांनी सांगितलं. मलावीचा फोटो पडद्यावर दाखवला. मधोमध तू, निळ्या साडीत, भोवती तिथल्या बाया, आणि अगदी कडेला चष्म्यांची पेटी छातीशी धरून मी. त्या दिवशी तिथे कोणी कोणाची सेवा केली, ते त्या फोटोत दिसत नाही. इथे ते पुरतं आपल्या दोघींनाच माहीत होतं. आता मला एकटीलाच माहीत आहे, म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "असं पुस्तकातल्यावानी कायले लिहितेस वं? आपल्या भाषेत लिही नं." पण कागद समोर आला की माझी भाषा शाळेत जाते, त्याला इलाज नाही.

आपलं भांडण पहिल्या वर्षीच सुरू झालं होतं. तू मोठ्या दवाखान्यातली हेडसिस्टर, मी नवऱ्याबरोबर चष्म्याचं दुकान चालवणारी. प्रताप नगरात आपली कंपाउंडची भिंत एकच. भिंतीवर चहाचे कप ठेवून आपण देवावरून वाद घालायचो. माझ्या आजोबांनी छप्पन साली इथे, याच शहरात, दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव एका दिवसात बाहेर काढले. त्यांची नात मी. आणि तू तुझ्या प्रभूचं नाव घेतल्याशिवाय इंजेक्शनची सुईसुद्धा टोचत नव्हतीस. एकमेकींचं मत बदलेल अशी आशा आपण पहिल्या दोन-तीन वर्षांतच सोडली. वाद मात्र सोडला नाही. चहाला काहीतरी लागतंच.

म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी एके दिवशी तू भिंतीवरून पासपोर्टचा अर्ज माझ्याकडे सरकवलास तेव्हा मला तो विनोदच वाटला.

"कुंदे, तुले यायचं आहे."

"कुठी?"

"आफ्रिकेत. मलावी म्हणून देश आहे. आमच्या चर्चची सहा जणं जाऊन राहिली. आरोग्य शिबिर आहे. डोळे तपासणारा माणूस होता, त्याचा पाय मोडला."

"बह्याड झाली का वं? तुमच्या मिशनमध्ये मी काय करू?"

"चष्मे लाव. देवाचं मी पाहते."

मी म्हटलं, माझ्या आजोबांनी देव सोडले आणि तू एक देव विमानात घालून समुद्रापार नेतेस? त्यावर तुझं उत्तर तयार होतं. "देव कायले नेऊ? तो तिथं माह्या आधी पोहोचला आहे. मी पट्ट्या अन् गोळ्या नेऊन राहिली."

मी आले. देवासाठी नाही, तुझ्या हट्टासाठी आले. आणि खरं सांगायचं तर विमानासाठी.

तो दिवस शिबिराच्या शेवटाकडचा होता. सरोवराकाठचं गाव, पलीकडचा काठ दिसत नाही इतकं मोठं पाणी. शाळेच्या पत्र्याच्या खोलीत तुझ्या पेशंट बाया आणि बाहेर आंब्याच्या झाडाखाली माझं टेबल. आंब्याचं झाड पाहून तुला इतका आनंद झाला होता की तू त्याला हात लावून "अरे, हे तर आपलं आहे" म्हणालीस. आपल्याला दुभाषी म्हणून ग्रेस होती, तिथल्या चर्चची, शाळेत शिकवणारी पोरगी. ती इंग्रजीत सांगायची, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत समजून घ्यायचे आणि तू डोळे वाचून समजून घ्यायचीस.

सकाळी माझ्यासमोर एक म्हातारा कोळी येऊन बसला. वाचता येत नव्हतं, त्यामुळे अक्षरांचा तक्ता उपयोगाचा नव्हता. मी त्याच्या हातातलंच फाटकं जाळं पुढे ओढलं आणि एकेक नंबर लावून दाखवत गेले. तू मधल्या सुटीत पाणी प्यायला बाहेर आली होतीस. त्याने तुला आपादमस्तक पाहिलं आणि ग्रेसला काहीतरी विचारलं. ग्रेस हसायला लागली, सांगेना.

"काय म्हणून राहिला तो? सांग नं," तू म्हणालीस. तिला तुझी मराठी समजली असणारच नाही, पण तिने सांगितलं. तो विचारत होता, "तुमच्या देशातले आजारी लोक संपले का, म्हणून इकडे आलात?"

सालू, मी इतकी हसले की माझाच चष्मा पडला. वीस-बावीस वर्षं, तू कुठल्याही शिबिराला निघालीस की, मी भिंतीवरून तुला जे विचारत होते ते या माणसाने एका वाक्यात विचारलं. मला वाटलं, आता तू बायबलमधलं वचन सांगशील. तू त्याच्यासमोर जमिनीवर बसलीस.

"त्याले सांग, नाही संपले. आमच्याकडं लय आजारी आहेत. पण माह्या आजीले कोणी शाळेत घेत नव्हतं, तवा एक बाई अशीच दूरून आली अन् तिले वाचायले शिकवलं. मी त्या बाईले पाह्यलं नाही. तिचे उपकार मी कुठी फेडू? म्हणून आली."

मी ते इंग्रजीत सांगितलं, ग्रेसने त्याच्या भाषेत. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग नव्या चष्म्यातून त्याने जाळ्याचं एक भोक शोधलं, पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला आणि तुझ्याकडे पाहून मान हलवली. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तुझं असं सेवेला दूर जाणं थोडं समजलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भिंतीवर चढून बसली असतीस.

दुपारी तुझा बायांचा वर्ग होता. छातीतली गाठ स्वतःच्या हाताने कशी तपासायची ते तू शिकवायचीस. इथे, दवाखान्यात, वस्त्यांमध्ये, कन्हानला तुझ्या माहेरी, जिथे चार बाया जमतील तिथे तू हे शिकवलंस. का, तेही मला माहीत होतं. तुझ्या आईला तेच झालं होतं. कन्हानच्या खाणीत कामाला जाणाऱ्या माणसाची ती बायको. लाजेपायी तिने वर्षभर गाठ पदराखाली झाकून ठेवली, आणि तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती गेली. "मी पट्टी बांधायले शिकत होती अन् माही माय घरी सडत होती," हे वाक्य तू मला आयुष्यात दोनदाच सांगितलंस, पण ते माझ्या कानातून गेलं नाही.

खोलीच्या मधे रंगीत कापडाचा पडदा बांधला होता. त्याचा एक खिळा निघाला म्हणून त्या कोपऱ्याला मी धरून उभी होते. नाहीतर मला काही दिसलंच नसतं. चटईवर वीसेक बाया बसल्या होत्या, आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून एक म्हातारी. तिला सगळे गोगो म्हणत. त्यांच्या भाषेत गोगो म्हणजे आजी. गावातली सुईण होती ती. खोलीतल्या निम्म्या बाया तिच्याच हातावर जन्मलेल्या. तू मला हळूच म्हणालीस, "तिले राग आला वाटते. तिच्या गावात मी शिकवून राहिली."

वर्ग संपला. बाया उठायला लागल्या. तेवढ्यात गोगो उठून पुढे आली आणि तुझ्यासमोर उभी राहिली. ती बोलली, ग्रेसने सांगितलं, "ती म्हणते, चांगलं शिकवलंत. आता सांगा, तुमचं कोण पाहतं?"

तू हसलीस. "मीच पाहते."

गोगोने मान हलवली. "स्वतःचं बाळंतपण कोणी स्वतः करतं का?"

सगळ्या बाया हसल्या. तूही हसलीस. गोगो हसली नाही. तिने साबणाने हात धुतले, तू शिकवलं होतंस तसे, नखांपर्यंत, आणि तुला चटईकडे बोट दाखवलं. बस.

तुला कोणी "बस" म्हटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मोठमोठ्या डॉक्टरांना तू वॉर्डाबाहेर काढलंस. पण तू बसलीस. मला वाटतं, बायांसमोर नाही म्हणणं तुला जमलं नाही. जे त्यांना करायला सांगितलं तेच स्वतःवर करू द्यायचं नाही, हे कसं दिसलं असतं? तू ब्लाउजचे हुक काढलेस. गोगोचा हात तुझ्याच पद्धतीने फिरत गेला, गोल, सावकाश. डाव्या काखेजवळ आला आणि थांबला.

परत फिरला. परत तिथेच थांबला.

तिने वर पाहिलं ते तुझ्या तोंडाकडे. आणि एक छोटं वाक्य बोलली.

"काय म्हणाली?" मी पडद्यामागून विचारलं.

ग्रेस तुझ्याकडे पाहत राहिली, जणू परवानगी मागत होती. तू तिची वाट पाहिली नाहीस. खाली मान घालून तूच मला मराठीत सांगितलंस, "ती म्हणून राहिली असन, की तुले हे माहीत आहे."

तेच म्हणाली होती ती; ग्रेसने मान डोलावली. शब्दाला शब्द.

माझ्या हातातून पडदा सुटला. गोगोने बाकी बायांना बाहेर पाठवलं, एका शब्दात. मग तुझ्यासमोर पाय दुमडून बसली आणि विचारलं, "तुझी आई आहे?" तू सांगितलंस. आईला काय झालं होतं तेही सांगितलंस, पदराखाली झाकून ठेवल्याचंही. ग्रेस सांगत गेली. गोगोने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आईकडून लपवायलाच शिकलीस?"

तेव्हा तू रडलीस. आधी आवाज नव्हता, मग आवाज आला. गोगोने तुझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि त्यांच्या भाषेत प्रार्थना सुरू केली. तू प्रार्थना करायला सात समुद्र ओलांडून गेली होतीस, आणि तिथली एक म्हातारी तुझ्यासाठी प्रार्थना करत होती. तुला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी तू मधे मधे "आमेन" म्हणत होतीस, चुकीच्या जागी.

मग तिने आपल्याला घरी नेलं आणि जेवू घातलं. मक्याच्या पिठाचा उकडलेला पांढरा गोळा आणि सरोवरातले बोटाएवढे सुके मासे. मी ताटातला गोळा नुसता चिवडत बसले. तू दोनदा मागून खाल्लंस. मला तुझा संताप आला.

तो संताप मी पाण्याच्या काठावर काढला, आपली गाडी यायची होती तेव्हा.

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"आठ महिने."

"आठ महिने! रोज सकाळी माह्यासमोर चहा पेत होती अन् सांगतलं नाही? एक शब्द बोलली असती तर मी तुले घंटाभरात धंतोलीच्या दवाखान्यात नेलं असतं. ऑटोत घालून. त्यासाठी समुद्र कायले ओलांडायले पाहिजे होता?"

"म्हणूनच नाही सांगतलं. तू नेलंच असतं. मंग हे येणं राहून गेलं असतं."

"अन् आता काय मिळालं?"

तू म्हणालीस, "कुंदे, मी त्याच्याशी सौदा केला होता. म्हटलं, आधी मी तुहं काम करून येते, मंग तू माहं पाह्य. दुसऱ्या बायांले रागावत फिरते नं मी, की लपवू नका, भेव नका. माह्यावर आलं अन् मले इतकं भेव वाटलं की मी आरशासमोर जाणं सोडलं."

"देवाशी सौदा? तुझा देव असे सौदे करते?"

"नाही करत," तू म्हणालीस. "म्हणून तर त्यानं ती म्हातारी पाठवली."

इथेच आपला वाद अडला, आणि अडलाच राहिला. तुझं म्हणणं, प्रभूने तुला हजारो मैल नेलं ते गोगोचा हात लागावा म्हणून. माझं म्हणणं, एक शहाणी बाई होती, तिच्या हाताला अक्कल होती, आणि तुझ्या शेजारणीला तू आठ महिने फसवलंस. त्यानंतरच्या चार वर्षांत आपण हे इतक्या वेळा बोललो की सुनीलची बायको म्हणायची, "आई, कुंदामावशी आल्या, तुमची मलावी सुरू करा."

सालू, मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं. तू गेलीस म्हणून मी हरणार नाही. पण एक गोष्ट मी कबूल करते. मी भिंतीवरून तुझा रक्तदाब, गुडघे, सुनीलचं लग्न, सगळं विचारलं. "तुझं कोण पाहतं?" हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. तू सगळ्यांना पाहणारी, तुला काय पाहायचं, असंच मी धरून चालले. आठ महिने तू सांगितलं नाहीस, आणि आठ महिने मलाही दिसलं नाही. मी डोळे तपासणारी बाई. काठावर मी तुझ्यावर जेवढी ओरडले, त्यातलं निम्मं माझ्यावर होतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आपण धंतोलीत होतो. ऑपरेशन झालं, केमो झाला, केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. आणि त्यानंतर मिळाली ती चार वर्षं. त्यांच्यासाठी मी कोणाचे आभार मानायचे, याचा निकाल आपण लावला नाही. मी आपली गोगोचे मानते.

कारण काय वर्षं होती ती! तुझे केस परत आले त्याच्या पुढच्याच महिन्यात तू मला कन्हानला घेऊन गेलीस. वर्गासाठी जागा मिळत नव्हती, म्हणून मी ओळखीने तिथल्या बुद्धविहाराच्या सभागृहात सोय केली. बाया जमल्या, आणि एक तरुण बाई उठून सरळ म्हणाली, "बाई, तुम्ही चर्चच्या आहा. इथं धर्माचं काही सांगू नका." मी खुर्चीत आक्रसले. तू म्हणालीस, "नाही सांगत वं. ये, तू पुढं बस." आणि पूर्वी चित्रं दाखवून जे शिकवायचीस ते बाजूला ठेवून, आतल्या खोलीत एकेकीला नेऊन तू तुझा व्रण दाखवलास. तिचा हात त्याच्यावर ठेवलास. "पाह्य. एवढंच असते. भेव नाही." ती तरुण बाई सगळ्यांत शेवटी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन आठवड्यांनी ती आपल्या सासूला घेऊन प्रताप नगरात तुझं घर शोधत आली. त्या सासूबाई आज ठणठणीत आहेत. तुझ्या अंत्ययात्रेत त्या मागे उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, आणि चर्चच्या लोकांना कळेना की या कोण.

तू गेल्याचं मी ग्रेसला फोनवर कळवलं. ती आता शहरात शिकवते; तिथून तीन तासांचा प्रवास करून ती त्या गावी गेली, सालू, फक्त गोगोला सांगायला. गोगो आहे अजून, डोळ्यांनी कमी दिसतं. ऐकल्यावर ती म्हणाली, "माझ्या घरी पोटभर जेवली होती ती." एवढंच. मला त्या दिवशी आलेला संताप आठवला आणि लाज वाटली. तू भुकेने नाही, तिच्या मानासाठी मागून खाल्लं होतंस. की खरंच भूक होती? इतक्या महिन्यांनी मनावरचं ओझं उतरल्यावर लागते तशी? हेही विचारायचं राहिलं.

शेवटच्या दिवशी दुपारी पाळकसाहेब आणि मंडळी तुझ्या खोलीत आले. तुझं बोलणं सकाळपासून बंद झालं होतं. तुझ्या खाटेभोवती सगळे उभे राहिले, एकमेकांचे हात धरले, सुनीलने माझाही हात धरला. प्रार्थना सुरू झाली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला ते कधी जमलं नाही, तुला माहीत होतं. मी तुझ्याकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं की तुझेही डोळे उघडे आहेत. तू माझ्याकडेच पाहत होतीस. पाळकसाहेब बोलत होते, पंखा फिरत होता, खोलीभर माना खाली होत्या, आणि त्या सगळ्यांत आपण दोघीच एकमेकींकडे पाहत होतो. तुझ्या ओठांचा डावा कोपरा हलला. वादात जिंकल्यावर हलायचा, तसा.

मग सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले, सालू. एकदाच.